वेदनेचा माग दाखवणारी झाडं

1996 साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन एक पाहणी झाली. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं चार हजारांवर प्रौढांना हाडं, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्याविषयी विचारलं, तपासलं. सुमारे 18 टक्के लोकांना असं काही ना काही दुखणं होतं. गंभीर संधिवाताचे रुग्ण त्यांत थोडे. जास्त होते ते झिजलेले गुडघे, धरलेली कंबर, आखडलेली मान, भरून आलेले खांदे. खेड्यातला, अंगमेहनत करणारा माणूस ठणठणीत असतो या आपल्या लाडक्या समजुतीला या पाहणीनं तडा दिला.

अशा दुखण्यांवर महाराष्ट्रात पूर्वापार काय करतात हे बहुतेक वाचकांना सांगायला नको. निरगुडीचा पाला उकळून त्याचा शेक, रुईच्या पानाला तेल लावून ते तव्यावर गरम करून गुडघ्यावर बांधणं, मुका मार लागला तर आंबेहळदीचा लेप, पोटातून सुंठ. या उपायांनी आराम पडल्याचं जे सांगतात ते खोटं बोलत नाहीत. प्रश्न त्यापुढचा आहे. आराम नेमका कशानं पडला? शेकाच्या उबेनं, चोळणाऱ्या हातानं, आपोआप उतरणीला लागलेल्या सुजेनं, की पाल्यातल्या एखाद्या रासायनिक संयुगानं? संयुगानं पडला असेल तर ते कोणतं, शरीरात कुठवर पोचतं, किती लागतं आणि जास्त झालं तर काय करतं? हे पुस्तक या प्रश्नांबद्दल आहे. घरगुती उपायांची यादी हवी असलेल्या वाचकाला ती इथे मिळणार नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. वनस्पतींनी आपल्याला वेदनाशामक औषधं दिली, हे सगळेच सांगतात. मला त्यांची दुसरी देणगी अधिक मोठी वाटते. वेदना शरीरात कुठे जन्मते, कोणत्या वाटेनं मेंदूपर्यंत जाते, सूज कशी चढते आणि कशी ओसरते, याबद्दल आज जे कळलं आहे त्यातला बराच भाग वनस्पतींतल्या संयुगांचा माग काढताना कळला. औषध आधी हाताशी होतं, त्याचं कारण फार उशिरा सापडलं. हा माग जिथे चिकाटीनं काढला गेला तिथे खात्रीचं औषध हाती आलं. जिथे तो अर्ध्यावर सुटला, तिथे आजही दावे आणि प्रतिदावे चालू आहेत.

ॲस्पिरिनची गोष्ट अनेकांना माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. 1763 मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्लिश पाद्र्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की विलोची साल वाळवून, कुटून दिली तर थंडीताप उतरतो. पन्नासएक रुग्णांवर त्यानं ती वापरून पाहिली होती. विलो म्हणजे आपल्याकडे नदीकाठी दिसणाऱ्या वाळुंजाचा भाऊबंद. 1828 मध्ये म्युनिकच्या योहान बुखनर यांनी त्या सालीतून सॅलिसिन वेगळं केलं. 1876 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीचे डॉ. थॉमस मॅक्लॅगन यांनी ते संधिवाताच्या तापावर दिलं, तेव्हा तापाबरोबर सांधेही निवले. पुढे सॅलिसिनऐवजी वापरात आलेलं सॅलिसिलिक आम्ल पोटाला मानवत नसे. 1897 मध्ये बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन यांनी त्याला ॲसिटिल गट जोडला आणि 1899 मध्ये ॲस्पिरिन बाजारात आलं.

ते काम कसं करतं, हे मात्र पुढची बहात्तर वर्षं कोणालाच ठाऊक नव्हतं. 1971 मध्ये लंडनच्या जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होऊ देत नाही. इजा झालेल्या जागी हेच पदार्थ रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज वाढवतात आणि चेतातंतू हळवे करतात, इतके की नुसता स्पर्शही सोसवत नाही. जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करण्याचं कामही प्रोस्टाग्लँडिनच करतात. ॲस्पिरिन पोटाला का बाधतं, याचं उत्तर इथे मिळालं. या औषधाचा गुण आणि दोष एकाच ठिकाणाहून येतात. व्हेन यांना 1982 मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या शोधामुळे नंतरच्या अनेक सूजविरोधी गोळ्यांना दिशा मिळाली.

अफूची गोष्ट याहून जुनी आणि आपल्याला जास्त लागू आहे. जर्मनीतल्या पाडरबोर्नमध्ये औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रिडरिश सेर्ट्युर्नर या विशी ओलांडलेल्या तरुणानं 1805 च्या सुमारास अफूतलं झोप आणणारं तत्त्व वेगळं केलं. वनस्पतीतून असं सक्रिय अल्कलॉइड शुद्ध रूपात वेगळं होण्याची ही पहिलीच वेळ. पुढे त्यानं ते स्वतःवर आणि तीन मुलांवर आजमावलं आणि सगळे विषबाधेच्या तोंडातून परत आले. हे मॉर्फिन. अफूच्या गोळीत तत्त्व किती हे कोणालाच सांगता येत नसे. मॉर्फिन तोलून देता येऊ लागलं आणि मात्रेचा हिशेब जमू लागला.

मग प्रश्न आला, की खसखशीच्या बोंडातला चीक माणसाच्या वेदनेवर इतका नेमका कसा चालतो? 1973 मध्ये बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि उप्साला इथल्या तीन प्रयोगशाळांनी मेंदूत मॉर्फिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा दाखवून दिल्या. अशा जागा अफूची वाट पाहत बसलेल्या असणं शक्य नव्हतं. शरीराचं स्वतःचं काहीतरी तिथे चिकटत असलं पाहिजे, असा तर्क निघाला. 1975 मध्ये ॲबर्डीनच्या जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून ते शोधून काढलं. आपलं शरीर स्वतःचं वेदनाशामक बनवतं, हे मानवजातीला एका झाडाच्या चिकामुळे कळलं. या विषयातली याहून थोर घटना मला माहीत नाही.

अफूची कायदेशीर लागवड करून चीक गोळा करणारा भारत हा मोठा देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवानाधारक शेतकरी दुपारनंतर बोंडांना बारीक चिरा देतात आणि रात्रभर पाझरून घट्ट झालेला चीक सकाळी खरवडून घेतात. तो नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो. तरीही याच देशात कर्करोगाचे लाखो रुग्ण मॉर्फिनच्या गोळीविना तळमळत राहिले. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर रुग्णालयांना इतके परवाने लागू लागले, की औषध ठेवण्याचं धाडसच कोणी करेना. 1997 मध्ये सगळ्या देशात मिळून मॉर्फिनचा वैद्यकीय वापर जेमतेम 18 किलो होता. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये कालिकतला वेदनाशमनाचं काम उभं केलं आणि योग्य देखरेखीखाली मॉर्फिन सुरक्षितपणे देता येतं हे दाखवून दिलं. त्यांच्यासारख्यांच्या चिकाटीनं 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. दुसरीकडे अमेरिकेत याच कुळातल्या गोळ्या साध्या दुखण्यांवरही सढळ हातानं वाटल्या गेल्या आणि घरंच्या घरं व्यसनात बुडाली. एकाच कुळातलं औषध एका देशात गरजूला मिळालं नाही आणि दुसऱ्या देशात नको त्याला मिळालं. वेदनेवरच्या औषधाचा विचार प्रयोगशाळेच्या दारापाशी संपत नाही, तो असा कायद्यापर्यंत न्यावा लागतो.

मिरचीवर या पुस्तकात सगळ्यात मोठं प्रकरण आहे आणि ते मी आनंदानं लिहिलं आहे. हिरव्या मिरच्यांचा ठेचा कुटून झाल्यावर बोटांची जी आग होते ती नुसत्या पाण्यानं जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. तेलात विरघळतं. म्हणून आधी तेल चोळायचं आणि मग साबणानं हात धुवायचे. ही आग खरी भाजल्यासारखी वाटते, पण त्वचा कुठे भाजलेली नसते. मग भाजल्याचा भास होतो कसा? 1997 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या प्रयोगशाळेत डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर काढलं. वेदना ओळखणाऱ्या चेतापेशींमधल्या जनुकांचे तुकडे त्यांनी एरवी कॅप्सेसिनला दाद न देणाऱ्या पेशींमध्ये घातले आणि कोणता तुकडा मिळाल्यावर पेशी मिरचीला ओळखू लागते हे शोधत राहिले. जे प्रथिन सापडलं ते सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनंही उघडतं. तिखट आणि चटका शरीरात एकाच दारानं येतात. 2002 मध्ये मेंथॉलच्या मदतीनं थंडावा ओळखणारं प्रथिनही दोन प्रयोगशाळांना सापडलं. बाम चोळल्यावर गार वाटतं, त्याचं कारण हे. ज्यूलियस आणि दुसऱ्या प्रयोगशाळेचे आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 मध्ये तापमान आणि स्पर्श शरीराला कसे कळतात याच्या शोधांबद्दल नोबेल मिळालं.

मिरचीनं कॅप्सेसिन आपल्यासाठी बनवलेलं नाही. सस्तन प्राणी दाढांनी बी चिरडतात, म्हणून त्यांना ते जाळतं. पक्ष्यांच्या शरीरातलं तेच प्रथिन कॅप्सेसिनला ओळखत नाही, म्हणून कित्येक पक्षी मिरची आवडीनं खातात आणि बी न फोडता दूर नेऊन टाकतात. बियांवरची बुरशीही कॅप्सेसिन रोखतं. औषधी म्हणवलेल्या बहुतेक संयुगांची कूळकथा अशीच आहे. ती झाडाची हत्यारं आहेत. आपल्या उपयोगी पडतात ती योग्य मात्रेत आणि योग्य जागी वापरली तरच. वनस्पतीजन्य म्हणून निर्धोक, हे म्हणणं यासाठी टिकत नाही.

जाळणारी वस्तू वेदना शमवते कशी, हे हंगेरीच्या मिक्लोश यान्चो यांनी 1940 च्या दशकात पाहिलं होतं. कॅप्सेसिन पुरेसं लावलं तर पेटलेले चेतातंतू पुढे बराच काळ बधिर होतात. नागीण बरी झाल्यावरही कित्येक वृद्धांच्या बरगडीवर महिनोन्‌महिने जळजळ उरते, सदऱ्याचा स्पर्शसुद्धा नकोसा होतो. तिच्यासाठी अमेरिकेत 2009 मध्ये 8 टक्के कॅप्सेसिनच्या पट्टीला मान्यता मिळाली. ती दवाखान्यातच, तासभर लावतात आणि गुण आला तर तो तीन महिन्यांपर्यंत टिकू शकतो. सगळ्यांना येत नाही. हेच दार बंद करणाऱ्या गोळ्याही काही कंपन्यांनी करून पाहिल्या. त्या घेणाऱ्यांना ताप चढू लागला, कारण शरीराचं तापमान राखण्यातही त्या प्रथिनाचा हात आहे.

आता हळद. तिच्याबद्दल लिहिताना मराठी माणसाच्या मनात माया असते, माझ्याही आहे. सांगलीच्या आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला मिळालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतानं ते 1997 मध्ये रद्द करवून घेतलं. ही लढाई आपण हळदीघाटीची लढाई म्हणून अभिमानानं सांगतो. पण त्या लढाईत एवढंच सिद्ध झालं की हा उपयोग आपल्याला आधीपासून ठाऊक होता. हळद कोणत्या दुखण्यावर, किती आणि कशी चालते, हे तिथे ठरायचं नव्हतं आणि ठरलंही नाही.

हळदीतलं कर्क्युमिन साधारण 3 टक्के असतं. चमचाभर म्हणजे 3 ग्रॅम हळद दुधात घेतली तर पोटात 90 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं, कारण आतडं ते नीट शोषून घेत नाही आणि जे शोषलं जातं ते यकृत झपाट्यानं बाहेर काढतं. बंगळूरच्या संशोधकांनी 1998 मध्ये 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिरीतलं तिखट तत्त्व, दिलं तेव्हा रक्तातली उपलब्धता अनेक पटींनी वाढली. हे वाचून अनेकांनी हळदीत मिरी घालायला सुरुवात केली. पिपेरिन हे साधतं ते शरीराची औषधं निकामी करण्याची यंत्रणा मंदावून. मग इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही त्यानं वाढू शकतं. 2017 मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं कर्क्युमिनचा सडेतोड आढावा घेतला. हे संयुग अस्थिर आहे आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांना चकवतं, म्हणजे काही खरा परिणाम नसतानाही चाचणीत गुण दिसतो, असं त्यांनी लिहिलं. परीक्षानळीत हळद शंभर रोगांवर चालते असं जे आपण वाचतो, त्यातलं बरंच या चकव्यातून आलेलं आहे.

तरीही मी हळदीला निकालात काढत नाही. थायलंडमध्ये 367 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेवर हळदीचा अर्क चार आठवडे आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला आणि पोटदुखीची तक्रार कमी होती. तो अर्क रोज दीड ग्रॅम होता, दुधातली चिमूट नव्हे. अशा तीव्र आणि जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सुलांमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणं इटलीत आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत. आमटीतल्या हळदीमुळे अशी भीती बाळगायचं कारण नाही.

सालईकडे मराठी संशोधकांनी अधिक लक्ष द्यावं असं मला कळकळीनं वाटतं. सातपुड्यात, मेळघाटात, विदर्भाच्या कोरड्या जंगलांत हे झाड उभं असतं. खोडाची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते आणि घाव घातला की सुगंधी डिंक पाझरतो. झाड त्यानं आपली जखम बुजवतं, आपण तो धूप म्हणून जाळतो. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत 1980 च्या दशकात या डिंकाच्या अर्काचा सुजेवरचा परिणाम तपासला गेला. पुढे असं दिसलं की त्यातली बॉस्वेलिक आम्लं ॲस्पिरिनची वाट धरत नाहीत. सुजेची दुसरी शाखा, ल्युकोट्राइन बनवणारी, ती अडवतात. माणसाच्या रक्तात पोचणाऱ्या अल्प प्रमाणात हेच घडतं का, यावर अजून वाद आहे.

2003 मध्ये नागपूरच्या डॉक्टरांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. गुडघ्याच्या झिजेचे तीस रुग्ण, त्यांतल्या निम्म्यांना आधी सालईचा अर्क आणि निम्म्यांना बिनऔषधी कॅप्सूल, आठ आठवड्यांनी अदलाबदल. अर्क घेणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. क्ष-किरण चित्रात मात्र काही फरक पडला नाही. ही शेवटची ओळ त्यांनी लपवली नाही, म्हणून मला ही छोटी चाचणी मोलाची वाटते. झिजलेला सांधा पुन्हा भरून येतो असं कोणी सांगत असेल तर त्याला ही ओळ दाखवावी. पुढे चोप्रा यांच्या पथकानं 440 रुग्णांवर चोवीस आठवड्यांची मोठी चाचणी केली. सुंठ, गुळवेल, सालई अशा वनस्पतींचे आयुर्वेदिक योग गुडघेदुखीवर सेलेकॉक्सिब आणि ग्लुकोसामाइन या औषधांच्या बरोबरीनं चालतात, असा तिचा निष्कर्ष 2013 मध्ये आला. काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीत वाढलेले आकडे दिसले, तेही त्यांनी लिहिलं. आयुर्वेदाची खरी सेवा अशा कामातून होते.

कळलावीबद्दल मात्र सावध करायलाच हवं. श्रावण-भाद्रपदात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी ही वेल, हिचंच एक नाव गौरीचे हात. तिच्या कंदात आणि बियांत कॉल्चिसिन असतं. तिच्याच कुळातल्या एका युरोपीय वनस्पतीतून पेलेतिए आणि काव्हान्तू यांनी ते 1820 मध्ये वेगळं केलं. युरिक आम्लामुळे पायाचा अंगठा ठणकतो तेव्हा सुजेच्या जागी धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल ते थांबवतं. आपल्याकडे त्याची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर इतकं कमी आहे, की कंद उगाळून घेतलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. कळलावीवर कोणीही घरी प्रयोग करू नये.

वेदना मोजायचं यंत्र नाही, रुग्ण सांगेल तीच खरी. म्हणून गुडघेदुखीच्या चाचण्यांत बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांनाही बऱ्यापैकी बरं वाटतं, आणि तुलनेविना सांगितलेला गुण ग्राह्य धरता येत नाही. शिवाय एकाच झाडातलं संयुग जमिनीनुसार, हंगामानुसार, साठवणीनुसार बदलतं. बाजारातल्या काही सांधेदुखीच्या चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दोन दिवसांत चमत्कार करणारं चूर्ण त्यासाठी तपासून घेतलेलं बरं. अशा चूर्णाची सवय झालेल्या रुग्णानं ते एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावं.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमानं वाचली तरी चालतील. फक्त मात्रा आणि शोषण यांवरचं दुसरं प्रकरण कोणी वगळू नये, कारण उरलेल्या सगळ्यांचा पाया ते आहे. आणि वाचकांना एक विनंती आहे. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तुम्ही घेत असलेला काढा, चूर्ण, कॅप्सूल, जे काही असेल ते डब्या-बाटलीसकट डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.